पाळणा सरकारच्या सांगण्याने हलत नाही

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी लोकसंख्येच्या विस्फोटाविषयी चिंता व्यक्त केली आणि कुटुंब लहान ठेवणे हीदेखील देशभक्तीच आहे, असे सांगितले. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी आपल्या राज्यातील दाम्पत्यांना अधिक मुले होऊ देण्याचे आवाहन केले. त्याच सुमारास तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी एका सामुदायिक विवाहसोहळ्यात, सोळा प्रकारच्या संपत्तीच्या जुन्या आशीर्वादाचा दाखला देत, लोकसभेतील जागा घटणार असतील तर सोळा अपत्यांचाच विचार का करू नये, असा उपरोधिक प्रश्न विचारला. डिसेंबरमध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांनी जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा अधिक अपत्ये असावीत, असे मत मांडले. ज्या देशाने सात दशके ‘कमी, कमी’ असा घोष केला, तिथे ‘अधिक, अधिक’ हा सूर इतक्या वेगवेगळ्या राजकीय दिशांनी एकाच वेळी उमटावा, ही घटना साधी नव्हे.

मी तीन दशकांहून अधिक काळ प्रशासकीय सेवेत होतो आणि त्यातील बराच काळ बिहारमध्ये गेला. ‘मुले कमी हवीत’ हा आदेश गावपातळीपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा मी एक भाग होतो. म्हणून हा नवा सूर ऐकताना मला एक ओळखीची अस्वस्थता जाणवते. दोन्ही आवाहनांचा रोख परस्परविरुद्ध असला तरी त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे: राज्याला जितक्या माणसांची गरज असेल, तितकी घराघरांतून मागवता येतात आणि नको असतील तेव्हा ती मागणी थांबवताही येते. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास आणि आपल्याच देशाची गेल्या पन्नास वर्षांची आकडेवारी या गृहीतकाला आधार देत नाही.

आकडे काय सांगतात

प्रथम आकडे पाहू. आजचे वयनिहाय जन्मप्रमाण कायम राहिले तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी जितकी अपत्ये होतील, त्या संख्येला एकूण जननदर म्हणतात. तो २.१ असेल तर एक पिढी आपल्याइतकीच दुसरी पिढी मागे ठेवते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारताचा जननदर सुमारे सहा होता. १९७१ मध्ये तो ५.२ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत तो ३.४, २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत २.७ आणि २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत २.० नोंदवला गेला. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२३ च्या अहवालात तो १.९ आहे. पाचव्या पाहणीत २.१ च्या वर असलेली राज्ये केवळ पाच होती: बिहार, मेघालय, उत्तर प्रदेश, झारखंड आणि मणिपूर. महाराष्ट्राचा दर १.७, केरळ आणि तमिळनाडूचा १.८, गोव्याचा १.३ आणि सिक्कीमचा १.१ होता. शहरी भारताचा जननदर १.६ पर्यंत उतरला होता.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. दर इतका घटला असेल तर २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकून जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश कसे झालो? याचे उत्तर वयोरचनेत आहे. पूर्वीच्या मोठ्या कुटुंबांत जन्मलेल्या मुली आज माता होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुले झाली, तरी मातांची संख्याच मोठी असल्याने जन्मांची संख्या काही काळ मोठी राहते. गाडीचे इंजिन बंद केल्यावरही ती काही अंतर पुढे जाते, तसे हे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १७० कोटींवर जाऊन नंतर उतरू लागेल. वाढ दिसते आहे ती काल घेतलेल्या निर्णयांची. आजच्या दाम्पत्यांनी आपला निर्णय केव्हाच बदलला आहे.

हा बदल एखाद्या जातीपुरता वा धर्मापुरता मर्यादित नाही. १९९२-९३ मध्ये मुस्लीम स्त्रियांचा जननदर ४.४ आणि हिंदू स्त्रियांचा ३.३ होता, २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे २.४ आणि १.९ वर आले. म्हणजे दोहोंतील अंतर १.१ वरून निम्म्याहूनही कमी झाले. बिहारमधील हिंदू स्त्रियांचा जननदर केरळमधील मुस्लीम स्त्रियांच्या जननदराहून अधिक आहे. धर्मापेक्षा राज्य आणि त्या राज्यातील शाळा, दवाखाना, लग्नाचे वय या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात, हे यातून स्पष्ट व्हावे.

माल्थसचे विद्यार्थी

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाची सुरुवात थॉमस रॉबर्ट माल्थस यांच्यापासून करावी लागते. १७९८ मध्ये त्यांनी लोकसंख्येवरील आपला निबंध प्रथम निनावी प्रसिद्ध केला. लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते, अन्न मात्र गणितीश्रेणीने वाढते; संयमाने जन्म रोखले नाहीत तर भूक, रोगराई आणि युद्ध ते काम करतात, असा त्यांचा सिद्धांत होता. फारसे लक्षात घेतले जात नाही ते हे, की १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू होईपर्यंत माल्थस इंग्लंडमधील हेलिबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते. हिंदुस्थानात येऊन जिल्ह्यांचा कारभार पाहणारे तरुण त्यांच्यासमोर बसत. दुष्काळ ही निसर्गाने केलेली दुरुस्ती आहे आणि मुक्तहस्ते मदत केल्यास खाणारी तोंडे वाढतात, हा विचार वसाहतीच्या कारभारात खोलवर मुरला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडत असतानाही धान्याची निर्यात चालू राहिली, यामागे मुक्त व्यापाराच्या श्रद्धेबरोबर या विचाराचाही वाटा होता.

माल्थस यांचे भाकीत खरे ठरले नाही. १९५१ मध्ये भारताची लोकसंख्या ३६ कोटी होती, ती २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी झाली. अन्नधान्याचे उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी टन होते, ते २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांवर गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सुबत्ता आली की माणसे अधिक मुले जन्माला घालतील हा त्यांचा तर्कच उलटा पडला. सुबत्तेबरोबर मुले कमी होत गेली.

या उलट्या वास्तवाची मांडणी वॉरन थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये आणि फ्रँक नोटस्टीन यांनी १९४५ मध्ये केली. तिला लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत म्हणतात. आधी मृत्युदर घटतो, जन्मदर मागाहून घटतो आणि या दोहोंमधील काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते. भारतात हा क्रम स्पष्ट दिसतो. १९११ ते १९२१ या दशकात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे देशाची लोकसंख्या किंचित घटली होती. म्हणूनच १९२१ हे वर्ष आपल्या लोकसंख्येच्या इतिहासातील विभाजनरेषा मानले जाते. त्यानंतर मृत्यू घटू लागले. जन्मदराची ठळक घसरण मात्र १९७० च्या दशकात सुरू झाली. मधली पाच दशके वाढीची होती. ज्याला आपण ‘विस्फोट’ म्हटले, तो मुख्यतः माणसे कमी मरू लागल्याचा परिणाम होता.

पण जन्मदर नेमका का घटतो? या प्रश्नाचे उत्तर पंजाबात सापडते. १९५० च्या दशकात लुधियानाजवळच्या खन्ना परिसरातील गावांत हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी गर्भनिरोधक गोळ्या वाटून मोठा प्रयोग केला. लोकांनी गोळ्या घेतल्या, जन्मदरावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. पुढे महमूद ममदानी या अभ्यासकाने त्यांतील एका गावात जाऊन चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला: लोकांनी शिष्टाचार म्हणून गोळ्या घेतल्या होत्या, वापरल्या नव्हत्या. शेतावर हात हवे होते आणि म्हातारपणी आधार हवा होता. मुले हा त्यांचा हिशेब होता, अज्ञान नव्हते. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी पुढे हाच धागा व्यापक केला. कुटुंबात संपत्तीचा ओघ मुलांकडून आईवडिलांकडे वाहत असतो, तोवर मोठे कुटुंब शहाणपणाचे ठरते. शाळा आली, मूल कमावते न राहता खर्चाचे झाले, की ओघ उलटतो आणि कुटुंब आपणहून लहान होते. माझ्या अनुभवाशी सर्वाधिक जुळणारा सिद्धांत हाच आहे.

मार्चअखेरचे शिबिर

आपल्या धोरणाची वाट मात्र वेगळी राहिली. संततिनियमनाचा विचार येथे परदेशातून आलेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले होते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींशी याच विषयावर बोलल्या. गांधीजींचा कौल आत्मसंयमाकडे होता आणि कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य आणि मनुष्याचे आचरण होते. १९५२ मध्ये भारताने अधिकृत कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. त्यानंतर हळूहळू केंद्रस्थानी आकडा आला. १९७१ च्या जुलैमध्ये केरळमधील एर्नाकुलम येथे भरलेल्या एकाच शिबिरात साठ हजारांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि ते शिबिर देशापुढे आदर्श म्हणून ठेवले गेले.

१९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन असल्याची भूमिका मांडली होती. दोनच वर्षांनी, एप्रिल १९७६ मध्ये, त्यांनीच जाहीर केलेल्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने, विकासाची वाट पाहण्याइतका वेळ नाही, असा पवित्रा घेतला. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांवर होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. राजकारण्यांनी त्यातून एक धडा घेतला: पुरुषांना हात लावायचा नाही. सक्तीच सोडायची, हा धडा मात्र घेतला गेला नाही. ओझे निमूटपणे स्त्रियांकडे सरकले. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण ०.३ टक्के होते.

मी सेवेत आलो तेव्हा ही व्यवस्था स्थिरावलेली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर बिहारमधील एका अनुमंडळाचा मी प्रमुख होतो. महाराष्ट्रात ज्याला प्रांताधिकारी म्हणतात, तसे ते पद. मार्चअखेर जवळ आली की साप्ताहिक आढावा बैठकीत पहिला प्रश्न नसबंदीच्या उद्दिष्टाचा असे. शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, प्रत्येकाच्या नावापुढे ‘केसेस’चा आकडा लिहिलेला असे आणि तो पुरा न झाल्यास पगार अडे. शिबिर एका शाळेत भरले होते. वर्गातील बाके बाहेर काढून जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. रांगेत एक बाई उभी होती, कडेवर नातू घेऊन. तिचे मूल होण्याचे वय उलटून गेले होते, हे कुणालाही दिसत होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मास्तरांचा पगार अडलाय, हुजूर. मला पैसेही मिळतील म्हणाले.” तिला घेऊन आलेला शिक्षक खाली मान घालून उभा होता. मी तिचे नाव खोडू शकलो असतो. खोडले नाही. तिची शस्त्रक्रिया झाली, उद्दिष्ट पूर्ण झाले आणि जिल्ह्याला गेलेल्या अहवालावर माझी सही आहे.

त्याच संध्याकाळी त्या भागातील नर्सबाईंनी मला जे सांगितले, ते मी पुढे अनेक बैठकांत सांगत आलो. त्या म्हणाल्या, “साहेब, मी लस टोचायला गेले तरी बायका दार लावून घेतात. त्यांना वाटते, नसबंदीवाली आली.” ज्या घराला मुले जगण्याची खात्री नाही ते घर अधिक मुले होऊ देते, मुले जगावीत म्हणून जी बाई त्या घरी जाते, तिच्याच हाती आपण नसबंदीची यादी दिली होती. धोरण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होते.

पद्धतवार उद्दिष्टे १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये अधिकृतपणे रद्द झाली. सवय मात्र गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर अनेक स्त्रियांचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

दर कशाने घटला

जननदर घटला तो या शिबिरांमुळे नव्हे, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. साधने आणि शस्त्रक्रियेची सोय उपलब्ध नसती तर इच्छा असूनही स्त्रियांना मार्ग सापडला नसता. परंतु इच्छा निर्माण केली ती वेगळ्याच गोष्टींनी. १९७१ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२३ मध्ये हे प्रमाण २५ वर आले. पाचव्या पाहणीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, तर बारा वा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रियांचा १.८ होता. अमर्त्य सेन यांनी केलेली तुलना येथे आठवते. १९७९ मध्ये चीनचा जननदर २.८ आणि केरळचा ३.० होता, चीनने एक अपत्याची सक्ती केली, केरळने मुलींना शिकवले. १९९१ मध्ये चीन २.० वर होता आणि केरळ १.८ वर.

केरळ अपवाद आहे, असे कुणी म्हणेल. मग बिहार पाहा. २००६ मध्ये त्या राज्याने नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात मोठी वाढ झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसले. बिहारचा जननदर २००५-०६ मध्ये ४.० होता, २०१५-१६ मध्ये ३.४ आणि २०१९-२१ मध्ये ३.० झाला. याचे सारे श्रेय सायकलीला देण्याचे कारण नाही. रस्ते, वीज, दवाखाने, परराज्यांतील मजुरी, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. वाट अद्याप लांब आहे. तेथे २० ते २४ वयोगटातील सुमारे ४१ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. पण मुलगी शाळेत टिकली की लग्न पुढे जाते आणि लग्न पुढे गेले की पहिले मूलही पुढे जाते, हे मी त्या राज्यात प्रत्यक्ष पाहिले आहे.

याउलट शिक्षेच्या मार्गाने काय घडले? १९९० च्या दशकापासून अनेक राज्यांनी दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायतीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले. महाराष्ट्रात ही अट २००१ पासून आली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाचा असा कायदा वैध ठरवला. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी या कायद्याचा पाच राज्यांत अभ्यास केला, तेव्हा पद टिकवण्यासाठी पत्नीला टाकून देणे, मूल दत्तक देऊन टाकणे आणि लिंगनिदान करून गर्भपात करणे असे प्रकार समोर आले. हरियाणा, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांनी पुढे ती अट मागे घेतली. आंध्र प्रदेशनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. कारण मात्र उलटे होते, आता मुले अधिक हवी होती.

उलट दिशेचे प्रयोग

अधिक मुलांसाठी राज्याने आग्रह धरल्यास काय होते, याचाही इतिहास उपलब्ध आहे. १९६६ मध्ये रुमानियात चाउशेस्कू यांच्या राजवटीने गर्भपातावर बंदी घातली. जननदर एका वर्षात १.९ वरून ३.७ वर गेला आणि नंतर पुन्हा उतरत राहिला. मागे राहिले ते बेकायदा गर्भपातात गेलेल्या स्त्रियांचे मृत्यू आणि नको असलेल्या मुलांनी भरलेले अनाथाश्रम. सिंगापूरने १९७० च्या दशकात ‘दोनवर थांबा’ असा प्रचार केला आणि १९८७ मध्ये ‘परवडत असल्यास तीन किंवा अधिक’ अशी घोषणा दिली. सवलती दिल्या, पैसा दिला. २०२३ मध्ये तेथील जननदर एकच्या खाली गेला. दक्षिण कोरियात त्याच वर्षी तो ०.७२ होता. चीनने २०१५ च्या अखेरीस एक अपत्याचे धोरण सोडले आणि २०२१ मध्ये तीन अपत्यांना मुभा दिली. २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटू लागली. लहान कुटुंबाचा हिशेब एकदा घरात रुजला की सरकारी आवाहनाने तो बदलत नाही.

आपल्याकडील विसंगती तर अधिक ठळक आहे. नेते तिसऱ्या अपत्याचे आवाहन करतात, पण मातृत्वलाभाच्या २०१७ पासूनच्या तरतुदींत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा असून तिसऱ्यासाठी ती १२ आठवड्यांची आहे, आणि तीही संघटित क्षेत्रातील मूठभर स्त्रियांना. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे साहाय्य पहिल्या अपत्यासाठी मिळते, दुसऱ्यासाठी ती मुलगी असली तरच. शेतमजूर, घरकामगार, बांधकामावरील स्त्री यांना बाळ कुठे ठेवून कामावर जायचे, याचे उत्तर आपल्यापाशी नाही. तिसरे मूल मागणाऱ्याने पहिल्या दोघांची सोय केलेली नाही.

प्रश्न खरे, जागा चुकीची

दक्षिणेची चिंता निराधार आहे, असे माझे म्हणणे नाही. ती पूर्णतः खरी आहे. मात्र तिचे उत्तर पाळण्यात शोधणे चूक आहे. १९७६ मध्ये लोकसभेतील राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या, त्या कुटुंबनियोजनात यश मिळवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये म्हणून. २००१ च्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली आणि नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०११ च्या लोकसंख्येनुसार केरळचा एक खासदार सुमारे १६.७ लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो, बिहारचा सुमारे २६ लाखांचे. म्हणजे बिहारी नागरिकाच्या मताचे वजन केरळी नागरिकाच्या मताच्या दोनतृतीयांशही भरत नाही. बिहारमध्ये उमेद घालवलेला माणूस म्हणून हे मला खुपते. त्याच वेळी, राष्ट्राने सांगितलेले काम चोख केले म्हणून केरळ आणि तमिळनाडूचा आवाज क्षीण व्हावा, हेही न्यायाला धरून नाही. येथे दोन न्याय्य दाव्यांचा संघर्ष आहे. लोकसभेचा आकार, राज्यसभेची रचना, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी या टेबलावर तो सोडवावा लागेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार देताना लोकसंख्याविषयक कामगिरीला १२.५ टक्के भार दिला. तडजोड शक्य असते, याचा हा पुरावा आहे. दक्षिणेतील दाम्पत्यांनी आज तिसरे मूल होऊ दिले तरी ते मतदार होण्यास अठरा वर्षे लागतील. फेररचना तोवर थांबणार नाही.

वार्धक्याचेही तसेच. २०२१ च्या अंदाजानुसार केरळमध्ये साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण साडेसोळा टक्के होते, देशात सुमारे दहा टक्के, आणि २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे एक वृद्ध असेल. युरोप आधी श्रीमंत झाला, मग वृद्ध. आपण श्रीमंत होण्याआधी वृद्ध होण्याचा धोका आहे. पण इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ दरमहा २०० रुपये राहिला आहे. पंजाबातील शेतकऱ्याचा जुना हिशेब, म्हातारपणी मुलगाच हवा, अजून कुठे टिकून असेल तर तो या दोनशे रुपयांमुळे.

श्रमिकांची उणीव भासेल, हा तिसरा मुद्दा. ती आजच भासते आणि तिचे उत्तर रेल्वेने दक्षिणेत पोहोचलेही आहे. केरळच्या बांधकामांवर आणि तमिळनाडूच्या गिरण्यांत बिहार, झारखंड, ओडिशा आणि बंगालचे तरुण राबत आहेत. केरळने त्यांना ‘अतिथी कामगार’ म्हटले आणि ‘आवाज’ ही विमा योजना दिली. उत्तरेकडे तरुण हात आहेत, दक्षिणेकडे काम आहे. या दोहोंना जोडणारा रेशनचा हक्क, घर, मुलांची शाळा आणि मताचा अधिकार नीट लावून दिला, तर हा देश वयोमानाच्या फरकाला आपले बळ करू शकतो. त्यासाठी आधी या तरुणांना परके मानणे सोडावे लागेल.

माझ्या उमेदीच्या काळात मार्चअखेरच्या तक्त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता. आज एखादा तरुण अधिकारी त्या अनुमंडळात माझ्या खुर्चीवर बसला असेल. त्याच्या तक्त्यात नववीतून दहावीत गेलेल्या मुली, चालू असलेली पाळणाघरे आणि वेळेवर निवृत्तिवेतन मिळालेले वृद्ध, असे तीन रकाने असावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे. अपत्यांच्या संख्येचा रकाना त्यात नसावा, कमी करण्यासाठीही आणि वाढवण्यासाठीही. नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईला मी तेव्हा एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकूनही गप्प राहिलो होतो. सरकारचा पुढचा आकडा कोणताही असो, त्यासाठी कुणा बाईला पुन्हा अशा रांगेत उभे करू नये.